बाराजणींची टेस्ट

“ह्यो कोन?”

जिजाबाईंनी फोनच्या काचेवर बोट टेकवलं. बाजारात चोराचं मनगट धरावं, तसं.

काशीमीऱ्याच्या नाक्यावर, गॅरेजच्या वरच्या मजल्यावर चंदनचं ऑफिस आहे. खाली ट्रकच्या टायरवर हातोडा पडला की वर टेबलावरचा पाण्याचा ग्लास शहारतो. चंदन दुकानदारांना मोबाईलची ॲप बनवून देतो. चप्पलवाल्याचं, फरसाणवाल्याचं, अगरबत्तीवाल्याचं, जी जी ॲप त्याने केली त्यांची चित्रं फ्रेम करून खुर्चीमागच्या भिंतीवर टांगलेली आहेत. देवांच्या तसबिरी टांगाव्यात तशी. फक्त हार तेवढे घालायचे बाकी.

“कौन, आंटी?”

“ह्यो. माजे दुकानाचे नावाखाली येऊन बसलाय तो. रुची, वाच गो.”

रुची म्हणजे रुचिता, त्यांची सून. भाईंदरला एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला बसते, इंग्रजी वाचते, आणि सासूबरोबर कुठेही जायचं म्हटलं की आधी देवाला हात जोडते. तिने वाचलं, “आगोट. सुकी मासळी घरपोच. आणि खाली... विक्रेता, चंदन डिजिटल.”

“आं? बोंबील सुकवले मी, नि विक्रेता तू?”

चंदन हसला. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आधी, मिरगाच्या आत, सुके बोंबील, जवळा, सोडे घरात भरून ठेवायचे. जिजाबाईंच्या गावातल्या, मोरव्यातल्या कुठल्याच बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. चंदनला तीनदा सांगावं लागलं होतं, आणि तरी ‘ड्राय फिश मार्ट’च बरं दिसेल असं त्याचं म्हणणं होतं. ती लढाई जिजाबाईंनी मागच्याच आठवड्यात जिंकली होती. ही नवीन निघाली.

“आंटी, ॲप आपका ही है. बस स्टोअर में डालेंगे हमारे खाते से. सबका ऐसे ही करते हैं.”

“सगल्यांचा कर. माजा नको.”

“समझो जरा.” चंदन पुढे सरकला. लहान मुलाला औषध पाजताना काढतात तो आवाज त्याने काढला. “ये जो दोन मोठी स्टोअर आहेत ना, जिथून लोक ॲप घेतात, तिथे अपने नाम का खाता खोलना पडता है. कागज लगते हैं. चेहरा दिखाना पडता है. और नया आदमी हो, अकेला हो, तो एक स्टोअर बोलता है, पहले बारा टेस्टर लाओ. बारा लोग, चौदा दिन, लगातार. मधेच एक जरी बाहेर पडला तर बारा के अकरा, आणि मोजणी पुन्हा एकपासून. किधर से लाओगी? मेरे खाते से परसों लाइव.”

रुचिताने सासूच्या कोपराला हात लावला. “मम्मी, देऊया ना त्याच्याच नावावर. नाव काय, नंतर बदलून घेऊ.”

जिजाबाईंनी फोन उचलला, कमरेच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली. मासळीच्या हातांनी बाईने चाळीस वर्षांत जे जे सांभाळलं ते असंच, गाठ मारून.

“नंतर,” त्या म्हणाल्या. “उत्तम पन हेच बोल्लेला.”

उत्तम म्हणजे त्यांचा दीर. भाईंदर पश्चिमेच्या बाजारात जिजाबाई एकतीस वर्षं एकाच जागेवर बसल्या. पुढे सुक्या मासळीचे ढीग, वर फाटक्या छत्रीची सावली, आणि जिभेवर अशी धार की भाव करणारा माणूस शरमून दोन वाटे जास्त घेऊन जायचा. पण परवाना नवऱ्याच्या नावावर. तुळशीराम त्या जागेवर एक दिवससुद्धा बसला नव्हता. तो नाखव्याचा माणूस, त्याचं बूड होडीत. कागद करताना घरातल्या पुरुषाचं नाव घातलं, एवढंच. तो गेला, तेव्हा उत्तम म्हणाला, वहिनी, तुम्ही दुःखात, धावपळ कशाला, आता माझं नाव लावतो, नंतर बदलून घेऊ. वर्षभराने एका मंगळवारी जिजाबाई पाटी घेऊन गेल्या तर जागेवर उत्तमची बायको बसलेली. तिने मान वर केली नाही. जवळ्यातला कचरा निवडत बसली.

“एकतीस वरसां बसली ती मी. नि नाव निगाला त्याचा.” ही गोष्ट जिजाबाई रडून सांगत नाहीत. बोंबील कसा सुकवतात हे सांगावं तशी सांगतात.

मग त्या पाटी घेऊन टॉवरांच्या दारोदार गेल्या. तिथे गेट होतं. “मच्छी अंदर नहीं, मौसी. सोसायटी का रूल है.” गिऱ्हाइकं खाली यायची, गेटपासून चार पावलं लांब, इकडेतिकडे बघत, चोरीचा माल घ्यावा तशी सोडे घ्यायची. बेव्हर्ली पार्कमधल्या अकराव्या मजल्यावरच्या शुभदाताई एकदा म्हणाल्या होत्या, “मावशी, तुमचं ॲप असतं ना, तर नीट डब्यातून, सन्मानानं आलं असतं हे.” त्या गमतीने म्हणाल्या असतील. जिजाबाई गमतीने ऐकत नाहीत.

तर चंदनच्या ऑफिसात त्या उभ्या राहिल्या. “माजा सामान मना दे. ॲपच्या सगल्या फायली, रुचीला काय त्या पेनात घालून दे. खाता मी खोलीन.”

“चौदा दिन बाद आप ही आओगी, आंटी.”

“यीन ना. पेढं घेऊन यीन.”

---

खातं उघडायला एप्रिल गेला. आधारवर ‘तुळशीराम’ इंग्रजीत नीट होतं, पॅनवर त्यातला एक एच गळलेला होता. स्टोअरचं म्हणणं, दोन्ही कागदांवर नाव एकसारखं हवं.

“एका एचसाठी परत फॉर्म भरायचा?” रुचिता कुरकुरली. “आधारवरचा काढून टाकू. ते लवकर होतं. जाऊ दे तो एच.”

“का जाऊ दे? माजे नवऱ्याचा हाय तो.”

एच परत आला. मग चेहरा दाखवायचा होता. रुचिताने फोन भिंतीला टेकवून ठेवला, आणि फोन मराठीतून सूचना देऊ लागला: चेहरा गोलाच्या आत आणा. जिजाबाईंनी पदर सारखा केला, वेणीतलं फूल चाचपलं, गोलात आल्या.

“मान हळूहळू डावीकडे वळवा.”

“वलवली.”

“मम्मी, त्याला उत्तर नाही द्यायचं.”

“कृपया बोलू नका,” फोन म्हणाला.

जिजाबाईंचे डोळे विस्फारले. “मना सांगतो बोलू नको? माजे घरात येऊन?” आणि त्या जे बोलायला लागल्या, ते संपेपर्यंत गोलातला चेहरा तीनदा फेटाळला गेला. चौथ्या खेपेला रुचिताने सासूच्या तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा ठेवला. मान डावीकडे, मान उजवीकडे, डोळे समोर. पास.

राहिले बारा टेस्टर.

मे महिन्याच्या सुरुवातीला जिजाबाई गावात फिरल्या. बाजारातल्या जुन्या शेजारणी, कापणीला बसणाऱ्या बाया, नात्यातल्या, भांडणातल्या. प्रत्येकीला एकच निरोप: “गुरवारी सकाली घरी ये. टेस्ट करायचीय. मोबाईल घेऊन ये.”

गुरुवारी बाया आल्या. मोबाईल घेऊन आल्या, आणि वाट्याही घेऊन आल्या. दोघींनी तर घरून तांदळाच्या भाकऱ्या आणल्या होत्या, बांधून.

“काय गो, टेस्ट करायला काय केलंस? जवल्याची चटणी की सोड्याचा कालवण?”

ओटीवर अकरा बाया मांडी घालून बसल्या आणि अकरा वाट्या पुढे आल्या. रुचिताने सासूकडे पाहिलं. तिला सांगायचं होतं की टेस्ट म्हणजे ती टेस्ट नाही, परीक्षा, तपासणी. तिने तोंड उघडलंसुद्धा. पण जिजाबाईंनी डोळ्यांनी तिला दाबलं, आत गेल्या, आणि पाऊण तासात जवळ्याची चटणी, कच्च्या कैरीच्या फोडी घालून, ओटीवर आणून ठेवली.

“आधी ही टेस्ट. मग ती टेस्ट. पन एक सांगतंय, जिनं खाल्ली तिनं चौदा दिवस मोबाईलमंदून माजा दुकान काढायचा न्हाय.”

“आनि काढला तर?”

“तर ही चटणी तुना पचाची न्हाय.”

हसता हसता अकरा फोनांत ॲप उतरलं. रुचिता एकेकीच्या बोटाला धरून ‘सहभागी व्हा’ दाबून घेत होती. जिजाबाई बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. अकरावर अंगठा थांबला. बारावी नव्हती. उरलेल्यांकडे बटणांचे फोन, आणि ज्यांच्याकडे बरे फोन त्या उत्तमच्या बाजूच्या.

समोरच्या गाळ्यात शिलाईचं मशीन चालू होतं.

“हंसाबेन!” जिजाबाईंनी हाक मारली. “इकरं ये जरा. टेस्ट करायचीय!”

मशीन थांबलं. हंसाबेन बावीस वर्षं मोरव्यातल्या बायांचे ब्लाउज शिवतेय. कुणाच्या दंडाचं माप किती हे तिला तोंडपाठ. पण तिच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही. ती दारात आली, ओटीवरच्या वाट्या बघितल्या, आणि दोन्ही हात कानांना लावले.

“जिजाबेन, हूं? मच्छी टेस्ट? अरे भगवान! तुम्हारे लिए जान दूंगी, टेस्ट नहीं करूंगी!”

ओटी अशी हसली की झोपलेली मांजर उठून गेली. समजावून सांगायला दहा मिनिटं लागली. खायचं काही नाही, फक्त फोनमध्ये ठेवायचं. चौदा दिवस. हंसाबेनने लांब श्वास घेतला.

“फोन में रखने से तो कुछ नहीं होता ना?”

“फोनला नाक न्हाय.”

तिने ॲप घेतलं आणि लगेच ‘भजन’ नावाच्या फोल्डरमध्ये सरकवलं, आरत्यांच्या शेजारी. बारा झाल्या.

---

चौदा दिवस म्हणजे काय, ते त्या बारा बायांनी दाखवलं. एरवीचे टेस्टर ॲप उघडतात आणि बंद करतात. ह्या भांडल्या. ‘कार्टमध्ये टाका’ वाचून एकीने विचारलं, कार्ट कुठला, आमच्याकडे पाटी असते. ते ‘पाटीत टाका’ झालं. एकीने तक्रार लिहिली की भाव कमी करून मागायला जागाच नाही, मुक्यासारखं घ्यायचं की काय. एकीने सहाव्या दिवशी कळवलं की सोड्यांच्या फोटोत सोडे नसून करंदी, बारकी कोळंबी आहे, आणि ज्याने फोटो टाकला त्याच्या आईला भेटायचंय. फोटो चंदनच्या माणसाने इंटरनेटवरून उचलला होता. रुचिताने उन्हात ताडपत्री अंथरून खरे फोटो काढले. रोज संध्याकाळी ती दवाखान्यातून आली की फायलींतले शब्द नि फोटो बदलून सुधारणा चढवायची, आणि जिजाबाई शेजारी बसून एकच प्रश्न विचारायच्या.

“बारा हायत?”

“बारा आहेत.”

अकराव्या दिवशी, रविवारी दुपारी, हंसाबेन आली. गळ्यातली मापाची टेप काढायलाही विसरली होती.

“जिजाबेन, ये निकालना पडेगा.”

झालं होतं असं. आदल्या दिवशी तिच्या मुलीला, इशिताला, बघायला पाहुणे आले होते. फोन टीव्हीखाली चार्जिंगला. चहा झाला, खाकरा झाला, मुलाच्या आईने घड्याळ बघायला म्हणून समोरच्याच फोनकडे नजर टाकली, आणि त्याच क्षणाला ‘टिंग’ झालं. काचेवर बोंबील उगवला. खाली अक्षरं: *कडक बोंबील आले हो!*

रुचिताने तोंडावर हात धरला. तो संदेश तिनेच चाचणीसाठी सोडला होता.

“इशिता के पप्पा बोले, अत्यारे ने अत्यारे काढ. अभी के अभी.” हंसाबेनने फोन पुढे केला. “मेरे को आता नहीं. तुम निकाल दो.”

रुचिता सासूला बाजूला घेऊन गेली. कुजबुजली, पण भिंतीला ऐकू जाईल अशी. “मम्मी, ही गेली की अकरा. आजपासून नवीन बारावी शोधा, पुन्हा चौदा दिवस. मग स्टोअरवाले तपासणार, ते वेगळे दिवस. मिरीग येईल दारात. आगोट संपल्यावर आगोटीचं ॲप कोण घेणार? मी चंदनला फोन लावते. परवा लाईव्ह होईल. एवढं वर्ष त्याच्या नावावर, मग...”

“मग नंतर बदलू.”

रुचिताने नंबर काढलेला फोन खाली केला.

जिजाबाई परत ओटीवर आल्या. हंसाबेनचा फोन हातात घेतला आणि रुचिताला दिला. “काढ.”

“मम्मी?”

“तिचा फोन हाय. तिला नको तर नको. मी काय चंदन हाय?” मग त्या हंसाबेनकडे वळल्या. त्यांची हिंदी म्हणजे कोळी बोलीने नेसलेली नऊवारीच. “हंसाबेन, एक बात बता. तेरे दुकान पे बोर्ड किसका है?”

“बोर्ड? लिखेला है ना... महेश ब्लाउज सेंटर.”

“महेशभाई ब्लाउज सीता है?”

“उनको?” हंसाबेन फिस्सकन हसली. “उनको बटन टांकना नहीं आता.”

“बावीस साल?”

“बावीस साल.”

जिजाबाईंनी हनुवटीनेच समोर दाखवलं. समोरच्या गाळ्यावर पांढऱ्या पत्र्यावर निळ्या अक्षरांत महेशभाई ऊन खात होते. हंसाबेन त्या पाटीकडे बघत राहिली. रोज सकाळी कुलूप उघडताना जिच्याखालून ती वाकून जाते, ती पाटी तिने बहुधा बावीस वर्षांत पहिल्यांदा वाचली.

मग तिने रुचिताच्या हातातून फोन ओढून घेतला.

“नहीं निकालूंगी.”

“घरात तमाशा होईल, बेन,” रुचिता म्हणाली.

“होने दो. फोन मारा छे. शिलाई के पैसे से लिया है, किसी के बाप का नहीं.” आणि बोट उगारून, “लेकिन रुचि, तेरी मच्छी बोलनी नहीं चाहिए! उसका मुंह बंद कर!”

रुचिताने त्या फोनातल्या बोंबलाचं तोंड बंद करून दिलं.

“आनि पोरीचा?” जिजाबाईंनी हळूच विचारलं. “ती सोयरीक?”

“इशिता बोली, मम्मी, एक टिंग से जो टूटे वो रिश्ता नहीं, काच है. टूटने दे.” हंसाबेनने गळ्यातली टेप हिसकून काढली, हाताला गुंडाळली, आणि रस्ता ओलांडून गेली. मशीन सुरू झालं. त्या दिवशी ते जरा मोठ्यानेच चाललं.

“बारा हायत?” जिजाबाईंनी संध्याकाळी विचारलं.

“बारा आहेत.”

---

चौदा दिवस भरले. अर्ज गेला. दुसऱ्या स्टोअरने, महागड्या फोनवाल्यांच्या, बारा बाया मागितल्या नाहीत, पण ॲप एकदा परत पाठवलं: गिऱ्हाइकाला आपलं खातं स्वतः पुसून टाकता आलं पाहिजे, ती सोय दिसत नाही.

रुचिता घाबरत वाचून दाखवत होती. तिला वाटलं, आता सासू त्या स्टोअरला उभं-आडवं घेणार.

“बरोबर बोलतान ते,” जिजाबाई म्हणाल्या. “ज्याला जायचाय त्याला दार उगडा पायजे. करून टाक.”

फायली रुचिताकडे होत्या, पण हे दार बसवणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. तिने चंदनला विचारलं. चंदनने फोनवर अर्धा तास सांगितलं, कटकट करत, पण सांगितलं. शेवटी म्हणाला, “सच में बारा मिल गए?” रुचिता म्हणाली, “मिळाल्या नाहीत. होत्याच.”

मे संपता संपता दोन्ही दुकानांत आगोट लागलं. रुचिताने दवाखान्यातूनच फोन केला, आणि जिजाबाई ताडपत्रीवरून उठून, उन्हात, फोन हातभर लांब धरून उभ्या राहिल्या. वर बोंबलाचं चित्र. मग ‘आगोट’. आणि त्याखाली बारीक इंग्रजी अक्षरं. त्यांना इंग्रजी येत नाही. पण ती तीन नावं कागदावर सुधारून घेता घेता त्यांनी चित्रासारखी पाठ केली होती. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्या गेल्या. मधल्या नावात, बरोबर जागेवर, एच उभा होता.

पहिली खरी ऑर्डर दुसऱ्या दिवशी सकाळी आली. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती परतवत नाहीत आणि दुसऱ्याच्या हाती पाठवत नाहीत. अर्धा किलो सोडे, हवा न जाणाऱ्या डब्यात. जिजाबाईंनी डबा कपाळाला लावला, इस्त्रीची साडी नेसल्या, आणि रिक्षाने बेव्हर्ली पार्कला गेल्या.

तेच गेट. वॉचमन नवा होता, वही जुनीच.

“किधर?”

“अकरावा माला. शुभदा मॅडम. पार्सल है.”

“कौनसी कंपनी?”

“लिखो. जिजाबाई तुलशीराम तांडेल.”

“वो तो आपका नाम हुआ. कंपनी का नाम बोलो.”

“वोइच कंपनी है.”

त्याने मान वर केली. डब्याकडे पाहिलं, नाक जरा पुढे केलं. डब्यातून कसलाच वास येत नव्हता. “क्या है इसमें? मच्छी अलाउड नहीं है.”

“पाटी अलाउड नहीं है. मेरे पास पाटी दिखती है? मॅडमने ॲप से मंगाया है. तू फोन लगा.”

त्याने इंटरकॉम लावला. पलीकडून शुभदाताईंचा आवाज जिजाबाईंनाही ऐकू आला, “हो हो, पाठवा वर. लिफ्टनं पाठवा, जिन्यानं नाही.”

वॉचमनने वही ओढली. कंपनीच्या रकान्यात तो इंग्रजीत एकेक अक्षर लिहू लागला. जिजाबाई हललेल्या नव्हत्या. त्या वहीवर वाकून बघत होत्या.

“जाओ ना, मौसी. हो गया.”

“न्हाय झाला.” त्यांनी बोट टेकवलं, मधल्या नावावर. “इधर एक डंडा, उधर एक डंडा, बीच में आडवी पट्टी. वो किधर है?”

“क्या?”

“एच. एच डाल. मग जाती मी.”